पांढरीवरची टाकी : एका जुन्या वस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेलगत, भीमेच्या खोऱ्यात, एका ओढ्याकाठी माझं माहेर आहे. गावाचं नाव सांगणार नाही. का, ते पुढं कळेलच. तीनशेएक उंबऱ्यांचं गाव. वेशीत मारुती आणि त्याच्या पाराला टेकवलेल्या दोन वीरगळी, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. त्यातल्या एकीवर शेंदूर इतका चढलाय की खालच्या चौकटीतल्या गाई हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. गावाचा इतिहास विचारला की लोक या दगडांकडं बोट दाखवतात आणि विषय संपतो.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे. त्याला सगळे ‘पांढरी’ म्हणतात. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही विभागणी आपल्याकडं कुळकायद्याच्याही कितीतरी आधीची. मातीच्या भिंती पडायच्या, त्यावर राख, शेण, उकिरडा साचायचा, वर नवं घर उभं राहायचं, तेही पडायचं. असं शेकडो वर्षं चाललं की राखाडी, भुसभुशीत मातीचा उंचवटा तयार होतो. तो डोंगर नसतो, गाव असतं, आडवं झोपलेलं. आमच्या टेकाडाबद्दल एवढंच सांगायचे, ‘जुनं गाव तिथं होतं, पटकीनं उठलं.’

लहानपणी आम्ही मुली ठिकरी खेळायला खापऱ्या तिथूनच आणायचो. कौलाच्या तुकड्यापेक्षा त्या चांगल्या असत. लाल, पातळ, गुळगुळीत, आणि काहींवर काळ्या रेघांची जाळी. दगडावर घासून गोल केल्या की अंगणात सरळ सरकायच्या.

आता मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. इनामगाव शिकवते. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८पासून १९८३पर्यंत घोड नदीकाठी केलेलं ते उत्खनन. इ.स.पू. १६००च्या सुमाराची माळवा संस्कृतीची वस्ती, तिच्यावर जोर्वे संस्कृतीची आधीची आणि नंतरची अशा दोन वस्त्या, इ.स.पू. ७००पर्यंत. दोन्ही संस्कृती तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या. लाल भांड्यावर काळी भौमितिक नक्षी ही जोर्वेची ओळख, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. आणि एवढी वर्षं माझ्या मनात एकदाही आलं नाही की मी ज्यांनी ठिकरी खेळले त्या खापऱ्या त्याच होत्या. या प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती माझी.

अडचण कशी उभी राहिली

गावाला पाण्याची उंच टाकी मंजूर झाली. उन्हाळ्यात बायका ओढ्यातल्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरतात, त्यामुळं टाकी हा गावातला दोन्ही गटांचा एकमेव सामाईक विषय. जागा ठरवायला फार वेळ लागला नाही. पांढरी उंच, सरकारी, कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, पीक नाही. ठरावात शब्द आहेत, ‘पडीक टेकाड’. त्या दोन शब्दांनी निम्मं काम केलं. जागेची पाहणी झाली, नकाशा झाला, सही झाली. या सगळ्या कागदांत ‘इथं काही जुनं आहे का?’ असा रकाना कुठंच नव्हता, आणि नव्हता म्हणून कुणी भरला नाही.

एप्रिलमध्ये जेसीबी आला. पहिल्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला कोपऱ्यातल्या खड्ड्यात बकेट कशात तरी अडकली आणि राखाडी रंगाचं मोठं खापर फुटून वर आलं. आत माती होती आणि मातीत हाडं. बारीक बारीक.

चालक यंत्र सोडून पळाला. पळण्याआधी त्यानं फोटो काढला.

त्या संध्याकाळी

मला फोन आला तो सरपंचांचा. त्या माझ्या चुलतभावाच्या नात्यातल्या, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणते आणि त्या मला वन्सं. ‘वन्सं, पांढरीत लेकराची हाडं निघाली. लोक म्हणत्यात कुणीतरी मारून पुरलंय. तुम्ही या.’

मी पोचले तेव्हा उजेड जेमतेम होता. खड्डा पुरुषभर खोल. त्याची उभी भिंत जेसीबीच्या दातांनी सोलून निघाली होती, आणि एखादा केक कापावा तशी ती स्वच्छ दिसत होती. सगळ्यात वर शेळ्यांच्या लेंड्यांची काळपट धूळ. खाली हातभर पांढरट राख-माती, तिच्यात जाड, ओबडधोबड खापऱ्या. हे ‘पटकीनं उठलेलं’ गाव असावं. त्याखाली गाळाची पिवळसर माती, खापरी एकही नाही. म्हणजे मधे बराच काळ कुणी राहिलंच नव्हतं. आणि त्याखाली पुन्हा राख, आणि राखेत बोटभर जाडीची, चोपून केलेल्या जमिनीची रेघ, आडवी, सरळ. घराची जमीन. ती रेघ एका ठिकाणी तुटली होती. तुटलेल्या जागी खड्डा, खड्ड्यात दोन राखाडी मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. एकाचं पोट बकेटीनं फोडलेलं. दुसरं अजून भिंतीत शाबूत होतं.

मी टॉर्च लावला. फुटलेल्या मडक्याच्या मातीत ज्वारीच्या दाण्यांएवढे दात होते. मुळं न फुटलेले, नुसत्या टोप्या. दुधाचे दातसुद्धा अजून हिरडीबाहेर न आलेलं मूल.

इनामगावात लहान मुलं अशीच पुरलेली सापडली आहेत. घराच्या जमिनीखाली, दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवून, उत्तर-दक्षिण. मोठ्या माणसांचं दफनही घरातच, पण त्यांची पावलं घोट्यांपासून तोडलेली. मुलांचं तसं नाही. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलं हसतात. खड्ड्यात उतरल्यावर कुणाला हसू आलं नसतं.

निर्णयाचा पहिला प्रसंग इथं होता आणि तो पंधरा-वीस मिनिटांत झाला. पोलीस पाटील म्हणाले, ठाण्यात कळवायलाच हवं. बरोबरच होतं, हाडं सापडली की ती कुणाची आणि किती जुनी हे ठरवणं त्यांचं काम. मी फक्त एवढं म्हणाले, की हे तीन हजार वर्षांचं असू शकतं, भिंतीला हात लावू नका. ‘असू शकतं’ म्हणाले, कारण खात्री होती पण धाडस नव्हतं. गर्दीनं त्यातला ‘तीन हजार वर्षं’ एवढाच भाग ऐकला. तीन हजार वर्षं म्हणजे सोनं.

काय काय पणाला लागलं होतं

बाहेरून पाहणाऱ्याला हा वारसा विरुद्ध विकास असा सामना वाटेल. खड्ड्याच्या काठावर चार वेगवेगळ्या भीत्या उभ्या होत्या आणि त्यांना एकमेकींचं ऐकू येत नव्हतं.

बायकांना भीती टाकी जाण्याची. ठेकेदाराला बिल अडकण्याची. ओढ्याकाठच्या घरांना भीती ‘पुरातत्त्व’ या शब्दाची: जागा सरकारजमा होईल, घराला खिडकी पाडायची तरी दिल्लीची परवानगी लागेल. या भीतीला आधार आहे, पण अर्धा. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढं २०० मीटर परवानगीनं बांधकाम हा नियम केंद्र सरकारनं राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर केलेल्या स्थळांचा आहे. खापऱ्या सापडल्या म्हणून कुठलंही टेकाड आपोआप संरक्षित होत नाही. त्याला अधिसूचना लागते, हरकती मागवाव्या लागतात. हे मी पारावर चारदा सांगितलं. एकदाही कुणाला पटलं नाही.

चौथी भीती गुरवआबांची. त्यांना कायदा, सोनं, टाकी यांतलं काही नको होतं. ‘लेकरू उघडं पडलंय. त्याला झाका नाहीतर पाण्यात सोडा.’ बस, एवढंच.

आणि सोन्याची आशा होतीच. दायमाबादची गोष्ट या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. प्रवरेकाठी १९७४ साली झाडाचं खोड खणताना एका शेतकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. गावागावांत फिरताना त्या काशाचं सोनं झालंय. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दलचा १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, कळवणाऱ्याचा कायद्यानं वाटा असतो आणि लपवणाऱ्याचा तो जातो, हे मात्र त्या गोष्टीबरोबर फिरत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गुरवआबांचा आणि ठेकेदाराचा मिळून, वेगवेगळ्या कारणांनी: पूजा करायची, हाडं नदीत सोडायची, काम पुढं चालू. सगळ्यात स्वस्त आणि भावनेला धरून. कुणी बाहेरचा नसता तर हेच झालं असतं, आणि अनेक गावांत होत असणार.

दुसरा, काम थांबवून रीतसर उत्खननाची वाट पाहायची. मला मनातून हेच हवं होतं. पण उत्खनन म्हणजे एखादा आठवडा खणणं नव्हे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, ती हंगामापुरती मिळते, त्याआधी कुणा संस्थेला या जागेत रस, माणसं आणि पैसा हवा. महाराष्ट्रात जोर्वे काळाच्या ज्ञात वस्त्या शेकड्यांनी आहेत, खणलेल्या मोजक्या. इनामगावला बारा हंगाम मिळाले, कारण ते इनामगाव होतं.

तिसरा पर्याय, टाकी तिथंच, पण खांबांच्या खड्ड्यांपुरती शास्त्रशुद्ध नोंद करून. कागदावर शहाणा वाटतो. मीही दोन दिवस त्याच्याकडं झुकले होते.

चौथा, जागा बदलायची. कुठली, ते कुणालाच माहीत नव्हतं.

प्रत्यक्ष काय केलं, आणि काय झालं

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. पंचनामा झाला. फुटलेल्या मडक्यातली हाडं आणि दात साखरेच्या रिकाम्या पोत्यात भरले गेले. मडक्याच्या आतली माती हवालदारांनी तिथंच झटकली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कुणी सांगितलंच नव्हतं. त्या मातीत मण्यांसारखं काही होतं का, धान्याचे करपलेले दाणे होते का, हे आता कधीच कळणार नाही. मी तिथं उभी होते. माती चाळायला चहाची गाळणी पुरली असती, आणि ती शंभर पावलांवरच्या घरात होती.

चालकाचा फोटो तोवर तीन तालुके फिरला होता. दुपारी मोटारसायकली यायला लागल्या. रात्री राखणीला दोन पोरं बसवली. पहाटे त्यांचा डोळा लागला. सकाळी भिंतीतलं शाबूत मडकं नव्हतं. त्या जागी ढोपरभर भोक, खाली खापऱ्यांचा चुरा, आणि काठावर लिंबू, हळदकुंकू, अर्धी जळालेली उदबत्ती. गुप्तधनाच्या नादात कुणीतरी ते तिथंच फोडून पाहिलं होतं. आत दुसऱ्या अर्ध्या लेकराखेरीज काय असणार?

चौथ्या दिवशी विद्यापीठातले एक पुरातत्त्वज्ञ स्वतःच्या गाडीनं आले. जुनी ओळख म्हणून आले, सरकारी पत्रावर नाही. खड्ड्यात उतरून त्यांनी तासभर भिंत खुरप्यानं हलक्या हातानं खरवडली, फूटपट्टी लावून फोटो घेतले, थरांचं चित्र काढलं. मग एक लाल खापरी उचलून नखानं वाजवली. टण्‌ असा आवाज आला. ‘जोर्वे,’ ते म्हणाले. ती भट्टीत चांगली कडक भाजलेली असते, म्हणून वाजते. घराच्या जमिनीच्या रेघेशेजारी त्यांनी दोन गडद गोल डाग दाखवले. तिथं लाकडी मेढी रोवलेल्या होत्या. लाकूड कधीच कुजलं, भोकात वेगळी माती भरली, आणि तेवढ्यानं घराचा आकार राहिला.

ग्रामसभा सातव्या दिवशी झाली. मी तयारी करून गेले होते: जोर्वे, सांकलिया, गावाचं भाग्य वगैरे. तीनेक मिनिटं बोलले असेन. मागून एक म्हातारी उठली, नात्यानं माझी आत्या लागते. म्हणाली, ‘पोरी, मेलेल्या लेकरासाठी जित्या लेकरांना किती दिस तहानेलं ठेवायचं, ते सांग.’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही.

सभा फिरली ती दुसऱ्याच कारणानं. गावात एक निवृत्त पाटकरी आहेत. आयुष्यभर कालव्याच्या चाऱ्यांवर काम केलेलं. ते शाखा अभियंत्यांना म्हणाले, ‘साहेब, वारसा-बिरसा ऱ्हाऊ द्या. त्या राखेवर हजारो लिटर पाणी उभं करणार का? आमच्या आज्यानं पांढरीवर गोठा बांधला, दोन पावसाळ्यांत एका बाजूनं बसला.’ अभियंते गप्प झाले. पुरुषभर खणूनही खाली भराव-मातीच होती, घट्ट तळ लागला नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं. पाया आणखी बराच खोल न्यावा लागला असता. पाटकरी पुढं म्हणाले, शाळेमागचा मुरमाड माळ पाहा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याच्या पारदर्शक नळीनं उंची मोजून दाखवली. माळ पांढरीपेक्षा कमी उंच, पण फरक टाकीचे खांब वाढवून भागेल इतकाच. मुरमात पाया उथळ चालतो, म्हणून खर्चाची तोंडमिळवणी बरीचशी तिथंच झाली.

तीन हजार वर्षांच्या घराला गोठ्यानं वाचवलं, असं मी तेव्हा चेष्टेनं म्हटलं होतं.

निष्पन्न

टाकी शाळेमागं उभी आहे आणि तिला पाणी येतं. पण सुधारित मंजुरीत तो उन्हाळा आणि पुढचा हिवाळा गेला. दोन-अडीच महिने टँकर. आत्या माझ्याशी बोलायची थांबली नाही, मात्र टँकरच्या रांगेतून मला मुद्दाम हाक मारायची.

खड्डा बुजवला. बुजवण्याआधी पुरातत्त्वज्ञांच्या सांगण्यावरून तळाला आणि भिंतीला प्लास्टिकचा कागद लावला आणि त्या वर्षाचं एक नाणं टाकलं, म्हणजे पुढं कुणी खणलं तर आपण कुठवर गेलो होतो हे त्याला कळेल. जागेची नोंद व्हावी म्हणून अर्ज गेला आहे. पोच आहे, उत्तर नाही.

ग्रामपंचायतीनं ठराव केला, पांढरीची माती कुणी उचलायची नाही. राखेची, हाडांची, शेणाची ती माती शेताला उत्तम खत असते हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. दुसऱ्याच वर्षी दक्षिणेच्या अंगाला ट्रॉलीभर रुंदीचा घास काढलेला दिसला. चौकशी केली तर ट्रॅक्टर माझ्या सख्ख्या चुलतभावाचा. ‘ठराव टाकीच्या जागेपुरता आहे ना, ताई?’ म्हणाला. शब्दशः तसं नव्हतं. पण ठरावात गट नंबर होता, हद्दीच्या खुणा नव्हत्या. आता चार कोपऱ्यांना चुना लावलेले दगड आहेत. ते मी आणि शाळेच्या मुलांनी लावले, आणि पहिला दगड रोवायला भावालाच बोलावलं.

गावाचं नाव न सांगण्याचं कारण एवढंच, की लिंबू आणि उदबत्ती घेऊन येणाऱ्यांना पत्ता लागू नये.

पुन्हा वेळ आली तर

ठराव होण्याच्या आधी, ‘पडीक टेकाड’ हे शब्द लिहिले जात असताना, गावात कुणीतरी म्हणायला हवं होतं की ते पडीक नाही. ते मी म्हणू शकले असते. दिवाळीला माहेरी होते, नकाशा ओसरीवर पसरलेला पाहिला होता आणि वर चहाचा कप ठेवला होता. माझ्या वर्गातल्या मुलांना मी आता पहिल्या सत्रात एकच काम देते: आपापल्या गावची पांढरी कुठं आहे ते विचारून या, तिथं दिसणाऱ्या खापऱ्यांचे फोटो आणा, खापऱ्या तिथंच ठेवा.

पहिल्या संध्याकाळी वर्षं सांगायला नको होती. ‘हे जुनं दफन आहे, आत मातीशिवाय काही नाही’ एवढं मोठ्यानं, सगळ्यांसमोर बोलून फुटकं मडकं त्यांनाच आत डोकावून पाहू दिलं असतं, तर कदाचित दुसरं वाचलं असतं. आणि राखणीला पोरं नव्हे, त्याच बायका बसवल्या असत्या ज्यांना टाकी हवी होती. त्या झोपल्या नसत्या.

सभेत आधी पाण्याबद्दल बोलायला हवं होतं. पर्यायी जागा हातात न घेता मी जागा सोडायला सांगत होते, आणि ज्याच्याकडं जागा होती त्या पाटकऱ्यांना सात दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं; मीसुद्धा नाही. तिसऱ्या पर्यायाबद्दलही माझं मत आता बदललंय. खांबांच्या खड्ड्यांची नोंद झाली असती, पण टाकी उभी राहिल्यावर मधल्या जमिनीतलं घर कायमचं खाली गेलं असतं, वरून रोज पाणी झिरपलं असतं.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. वैद्यकीय अहवालात हाडं अतिप्राचीन असल्याचं आलं, गुन्ह्याचा प्रश्न संपला. त्यानंतर ती अभ्यासासाठी कुणाच्या ताब्यात द्यायची यावर कागद फिरतोय. पोतं अजून एका कार्यालयातल्या कपाटावर आहे. मी जाऊन पाहून आले, वर चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर गावाचं नाव चुकलेलं आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला. गुरवआबा आता नव्वदीकडं झुकलेत. मी माहेरी गेले की पारावरून विचारतात, ‘पोरी, लेकरू कुठवर आलं?’ मी सांगते, ‘आहे आबा, तिथंच आहे.’